व्हाळाच्या गाळात शिसं आहे का? नमुना काढण्यापासून अहवाल वाचण्यापर्यंत

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या घरामागच्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात, जेसीबी उतरला. पणजीच्या आमच्या टोकाला हा दरवर्षीचा क्रम आहे: पावसाआधी गाळ उपसायचा, काठावर ढीग घालायचा आणि ढीग जरा सुकला की टिप्परने न्यायचा. त्या वर्षी टिप्पर येण्याआधीच शेजारच्या मावशींनी चार घमेली गाळ परसात नेऊन पसरला होता. "मास्तर, लोण्यासारखी माती आहे. तांबडी भाजी काय येईल बघा!" मी सहज बोलून गेलो, "मावशी, शहराचं सगळं पाणी यातून जातं. शिसंबिसं असेल त्यात." त्यांनी घमेलं खाली ठेवलं. "असेल म्हणजे काय? आहे की नाही ते सांगा."

ते सांगायला मला जवळजवळ वर्ष लागलं, आणि त्यातला बराचसा वेळ माझ्याच चुका निस्तरण्यात गेला. पहिला नमुना मी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ओलाच भरून नेला. अहवालात एकच आकडा आला आणि शेजारच्या रकान्यात मर्यादा म्हणून पिण्याच्या पाण्याचा आकडा छापलेला. गाळाला पाण्याचं माप! तो कागद मी अजून जपून ठेवलाय, काय करू नये हे दाखवायला. तुमचे पैसे आणि एक पावसाळा वाचावा म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो.

१. आधी प्रश्न एका ओळीत लिहा

"व्हाळ घाण आहे का" या प्रश्नाचं उत्तर कुठलीच प्रयोगशाळा देऊ शकत नाही. तुम्हाला नेमकं काय हवंय? उपसलेला गाळ परसात वापरता येईल का, हे हवं असेल तर नमुना ढिगाचा घ्यावा लागतो. काठावरच्या एखाद्या भंगारअड्ड्यामुळे शिसं वाढतंय का, हे हवं असेल तर अड्ड्याच्या वरचा आणि खालचा गाळ लागतो. पूर्वी जास्त होतं की आता, हे पाहायचं असेल तर खोलीनुसार थर वेगळे काढावे लागतात. माझा प्रश्न पहिला होता आणि नमुना मी व्हाळाच्या मधोमध, पृष्ठभागावरचा घेतला. मावशींच्या परसात गेलेला गाळ तळातून खरवडलेला होता. दोन्हींचा एकमेकांशी फारसा संबंध नव्हता.

मग पाणीच का तपासू नये, असं बरेच जण विचारतात. शिसं पाण्यात विरघळून फार वेळ राहत नाही. ते चिकणमातीच्या बारीक कणांना, सेंद्रिय कुजक्याला आणि लोहाच्या गंजासारख्या ऑक्साइडना चिकटतं आणि तळाशी बसतं. वर पाणी नितळ, खाली गाळात शिसं, असं सर्रास असू शकतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, त्यात गोव्यातले ११ होते, साळ नदीसुद्धा. पण ती यादी पाण्यातल्या बीओडीवर, म्हणजे सेंद्रिय घाणीवर बेतलेली आहे. आपली नदी यादीत असो वा नसो, शिशाबद्दल त्यातून काहीही कळत नाही.

२. वही घेऊन काठाने चालून या

नमुना घेण्याआधी दोन संध्याकाळी नुसतं चाला. कुठलं गटार कुठे मिळतं, गॅरेज कुठे आहेत, जुन्या होड्या कुठे खरवडतात, हे सगळं टिपा. शिसं येण्याच्या वाटा आपल्या रोजच्या पाहण्यातल्याच असतात.

पहिली वाट रस्त्याची. आपल्या देशात १ फेब्रुवारी २००० पासून सगळीकडे शिसेविरहित पेट्रोल आलं. त्याआधीची कित्येक दशकं गाड्यांच्या धुरातून शिसं रस्त्याकडेच्या मातीत पडत होतं. शिसं कुजत नाही, उडून जात नाही. ती माती आजही पावसात वाहून व्हाळात येते. शिवाय टायर बॅलन्स करताना रिमला ठोकतात ते छोटे वजनाचे तुकडे पुष्कळदा शिशाचे असतात आणि ते रस्त्यावर गळून पडतात.

दुसरी वाट बॅटरीची. गाडीची आणि इन्व्हर्टरची बॅटरी म्हणजे शिसं आणि आम्ल. जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडून आतलं पाणी जिथे ओततात, तिथला गाळ मी सगळ्यात आधी तपासेन.

तिसरी वाट रंगाची. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) वर नको असा नियम २०१६ मध्ये झाला आणि तो २०१७ च्या शेवटी लागू झाला. त्याआधीचे ऑइलपेंट जुन्या घरांच्या खिडक्यांवर आणि गजांवर थरांवर थर बसलेले आहेत. चवथीच्या आधी घरं रंगवायला काढतात तेव्हा ते खरवडून कुठे जातात, हे प्रत्येकाने आपापल्या अंगणात बघावं. आपल्या आजोबांच्या पेटीतल्या तीन वस्तूही शिशाच्याच: शेंदूर, सफेता आणि मुर्दाडशिंग. आता बाजारात शेंदूर म्हणून भलतंच काही विकतात, पण अस्सल शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड.

चौथी वाट खास आपल्याकडची. पागाच्या, म्हणजे हाताने फेकायच्या जाळ्याला खाली ओवलेले शिशाचे मणी. व्हाळाच्या मुखाशी पाग टाकणारे असतील तर हे वहीत लिहाच. का ते सातव्या पायरीत सांगतो.

३. एकटे जाऊ नका, आणि सांगून जा

पंचायतीला किंवा पालिकेला दोन ओळींचं पत्र देऊन पोच घ्या. वाट कुणाच्या भाटातून, म्हणजे माडांच्या बागेतून, जात असेल तर भाटकाराला, म्हणजे मालकाला, विचारा. सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, वेळी चिखल दिसतो घट्ट, पण पाय गुडघ्यापर्यंत जातो, मग चप्पल तिथेच राहते आणि माणूस आडवा होतो. काठावर दोर धरून एकजण उभा हवा. पावसाळ्यात उंदरांच्या मुतामुळे लेप्टोची भीती असते, पायाला जखम असेल तर उतरूच नका. कुंभारजुव्याच्या कालव्याच्या बाजूला राहणाऱ्यांना मगरींचं वेगळं सांगायला नको.

४. किमान तीन जागा निवडा

एका जागेचा एक आकडा म्हणजे अर्धं वाक्य. तुमच्याकडे तीन जागा हव्यात: संशयाच्या ठिकाणाच्या वरची, संशयाच्या ठिकाणची आणि खालची. जमलं तर चौथी, वस्तीच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी, जिथे गटार मिळालेलं नाही. चौथीला मी "कोरी जागा" म्हणतो, आणि पुढे अहवाल वाचताना सगळ्यात जास्त उपयोग तिचाच होतो.

गोव्यात यात एक मेख आहे. सांतिनेजचा व्हाळ घ्या, फोंटेन्हासच्या बाजूची रुआ द ओरेंची खाडी घ्या किंवा म्हापशाची तार घ्या, मांडवीची भरती आत शिरते. दिवसातून दोनदा पाणी उलटं वाहतं आणि गाळही सोबत नेतं. त्यामुळे भरती पोचते त्या पट्ट्यात "वरची" जागा खरी वरची नसते. कोरी जागा भरतीच्या हद्दीबाहेरच घ्या. जुन्या माणसांना विचारा, पाणी कुठवर खारं लागतं ते त्यांना नेमकं माहीत असतं. खाजनातून, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतातून, जाणारा व्हाळ असेल तर नमुना मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, आतला की बाहेरचा, हे वहीत लिहायला विसरू नका. मानशीचं दार भरतीला मिटतं आणि आतला गाळ बाहेरच्यापेक्षा अगदी वेगळा असू शकतो.

दुसरी मेख जांभ्याची. परदेशी पुस्तकांत शिशाचा आकडा लोहाच्या आकड्याने भागून तुलना करायला सांगतात. आपली माती जांभ्याची, त्यात लोह भरपूर, आणि वर खाणींतून वाहून आलेली लाल माती मांडवी-जुवारीत कितीतरी वर्षं मिसळत आलेली. इथे लोहाने भागलं की शिसं आपोआप कमी दिसतं. म्हणून तुमच्याच जांभ्यातली, तुमच्याच व्हाळाची कोरी जागा हवी.

जागेवर गेल्यावर गाळ कुठला घ्यायचा? वळणाच्या आतल्या बाजूचा, पुलाच्या खांबामागचा, जिथे पाणी मंद होतं आणि बारीक चिखल बसतो तिथला. गटाराच्या अगदी तोंडाशी घेऊ नका, तोच तुमचा प्रश्न असेल तर गोष्ट वेगळी.

५. वेळ साधा

वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या गावात व्हाळ दर पावसाळ्यात धुऊन निघतो. म्हणून एकदा एप्रिल-मेमध्ये, उपसणी सुरू होण्याआधी, आणि एकदा नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये नमुने घ्या. जेसीबी फिरून गेल्यावर घेतलेल्या पृष्ठभागाच्या नमुन्याला काही अर्थ राहत नाही, वरचं खाली आणि खालचं वर झालेलं असतं.

दिवस उधाणाचा निवडा, अमावस्या किंवा पौर्णिमेच्या जवळचा, कारण तेव्हा सुकतीला पाणी सगळ्यात खाली जातं. सर्वे ऑफ इंडियाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात मुरगाव बंदराच्या वेळा मिळतात. व्हाळाच्या आत सुकती त्याहून उशिरा येते. किती उशिरा, ते आदल्या दिवशी काठावर बसून पाहा. मोठा पाऊस पडून गेला असेल तर आठवडाभर थांबा.

६. सामान

- प्लास्टिकचा खुरपा किंवा जाड प्लास्टिकचा डाव, प्रत्येक जागेला वेगळा
- प्लास्टिकचं घमेलं, नवं, रंग न दिलेलं
- झिपच्या पॉलिथीन पिशव्या, प्रत्येक नमुन्याला दोन
- डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीत घालायचं नव्हे, औषधाच्या दुकानातलं
- रबरी हातमोजे, गमबूट, दोर
- वही, पेन्सिल, न पुसणारा मार्कर
- मासळीसाठी वापरतात तसा थर्मोकोलचा बर्फाचा डबा
- जागेचे अक्षांश-रेखांश आणि फोटो टिपायला फोन

आता वर्ज्य वस्तू, कारण खरा घोटाळा इथेच होतो. पितळेची कुठलीही वस्तू नको, पितळेत पुष्कळदा थोडं शिसं मिसळलेलं असतं. बाजारातल्या मातीच्या चाळण्यांची चौकट बऱ्याचदा पितळी असते, तीही नको. रंगवलेल्या मुठीचं फावडं नको. आणि मला सगळ्यात महागात पडलेली गोष्ट: थर काढायला मी प्लंबरकडून पीव्हीसी पाइपाचा तुकडा कापून आणला होता, इंटरनेटवरच्या व्हिडिओत बघून. पाइप टिकाऊ व्हावा म्हणून पीव्हीसीत शिशाचे क्षार घालायची पद्धत आपल्याकडे होती. त्यावर २०२१ मध्ये नियम करावे लागले. शिसं मोजायला निघालेला माणूस शिशाच्या नळीत गाळ भरून आणतो, याला काय म्हणावं? नळी लागणार असेल तर ॲक्रिलिकची किंवा पॉलिप्रॉपिलिनची घ्या.

७. गाळ काढताना

पाण्यात उतरलात तर प्रवाहाकडे तोंड करून उभे राहा आणि नमुना आपल्या पुढ्यातला घ्या, पाय पडले तिथला नको. सगळ्यात खालच्या जागेपासून सुरुवात करा आणि वर वर जा, म्हणजे तुम्ही ढवळलेला गाळ पुढच्या जागेवर येत नाही.

प्रत्येक जागी पाच-सहा पावलांच्या परिघात पाच ठिकाणांहून वरचा पाच सेंटिमीटरचा थर घ्या आणि घमेल्यात एकत्र करा. काड्या, शिंपले, खडे, प्लास्टिक काढून टाका. इथेच जाळ्याचे मणी येतात. करड्या रंगाचा, हातात जड लागणारा, नखाने ओरखडा उठणारा दाणा दिसला तर तो बाजूला काढा आणि वहीत नोंद करा. असा एखादा कण चुकून प्रयोगशाळेतल्या अर्ध्या ग्रॅम नमुन्यात गेला, तर आकडा आभाळाला भिडतो आणि तुम्ही व्हाळाला दोष देत बसता.

गाळ चांगला कालवून गोल पसरा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, दोन टाका. पुन्हा तसंच. शेतकऱ्यांना ही मातीनमुन्याची रीत माहीतच आहे. शेवटी अर्धा-पाऊण किलो उरला की पिशवीत भरा, हवा काढा, दुसऱ्या पिशवीत घाला. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून दोन पिशव्यांच्या मध्ये ठेवा. आत ठेवली तर तिचा लगदा होतो. जागेचा क्रमांक, तारीख, वेळ, भरतीची अवस्था, रंग आणि वास, एवढं चिठ्ठीवर असलं की पुरे. वास लिहायला लाजू नका. कुजक्या अंड्याचा वास आणि काळा रंग म्हणजे गाळात प्राणवायू नाही आणि शिसं बहुतेक सल्फाइडच्या रूपात घट्ट बांधलेलं आहे. हे पुढे अकराव्या पायरीत लागेल.

एका जागेचा नमुना दोनदा घ्या आणि दोन वेगळे क्रमांक देऊन पाठवा. प्रयोगशाळेला सांगू नका. दोन्ही आकडे जवळजवळ आले तर अहवालावर विश्वास ठेवायला जागा आहे.

८. वाळवणं आणि चाळणं

हे शक्यतो प्रयोगशाळेवर सोडा. पण काय सांगायचं ते तुम्हाला ठाऊक हवं: "नायलॉनच्या चाळणीतून ६३ मायक्रॉनखालचा भाग तपासा आणि निकाल कोरड्या वजनावर द्या."

या एका वाक्यात दोन सापळे टळतात. शिसं बारीक कणांना चिकटतं आणि वाळूत जवळजवळ नसतं. एका जागी वाळू जास्त आणि दुसरीकडे चिखल जास्त असेल, तर नुसत्या वाळूमुळेच पहिली जागा स्वच्छ दिसते. सारख्या चाळणीतून काढलेला भाग तपासला की तुलना सरळ होते. दुसरं म्हणजे पाणी. साठ टक्के पाणी असलेल्या ओल्या गाळात किलोला ४० मिलिग्रॅम शिसं निघालं, तर कोरड्या वजनावर तोच आकडा १०० होतो. लोणच्याच्या बरणीवाल्या माझ्या अहवालात ओलं की कोरडं याचा उल्लेखच नव्हता.

परसात टाकलेल्या गाळाचा प्रश्न असेल तर मात्र ६३ मायक्रॉनऐवजी २ मिलिमीटरखालचा भाग तपासून घ्या. भाजीची मुळं आणि मुलांचे हात चाळणी लावून माती घेत नाहीत.

९. प्रयोगशाळा निवडणं

इथे नवखा माणूस हमखास घसरतो, तो शेतीच्या माती तपासणीवर. मृदा आरोग्य पत्रिकेत बारा घटक असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल (मँगनीज), बोरॉन, सामू (पीएच), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. शिसं त्यात नाही. पत्रिका चांगली आली म्हणून गाळ निर्धोक ठरत नाही.

एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता असलेली प्रयोगशाळा शोधा, पण भिंतीवरचं प्रमाणपत्र बघून थांबू नका. मान्यता ठरावीक चाचण्यांपुरती असते. "माती किंवा गाळ" या प्रकारात "शिसं" त्यांच्या मान्यतेच्या व्याप्तीत आहे का, हे एनएबीएलच्या संकेतस्थळावर पाहता येतं. पुष्कळांची मान्यता फक्त पाण्यापुरती असते. दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठ आहे. गाळावर काम करणारे विद्यार्थी आणि प्राध्यापक तिथे भेटतात. तिथे "फुकट तपासून द्या" म्हणत जाऊ नका. नकाशा, वही आणि नीट मांडलेला प्रश्न घेऊन जा. माझी अर्धी दुरुस्ती अशाच एका गप्पांत झाली.

कोटेशन मागताना हे विचारा:

- विद्रावणाची, म्हणजे गाळ आम्लात विरघळवण्याची, पद्धत कुठली? नायट्रिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडची ३०५०बी पद्धत सर्रास वापरतात. तिच्यात वाळूचे सिलिकेट कण विरघळत नाहीत. हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरून सगळंच विरघळवलं तर आकडा त्याहून जास्त येतो. दोन पद्धतींचे आकडे शेजारी मांडू नका.
- यंत्र कुठलं? एएएस, आयसीपी-ओईएस, आयसीपी-एमएस, कुठलंही चालेल.
- किती कमी शिसं मोजता येतं? अहवालात "बीडीएल", म्हणजे मोजता येण्याच्या हद्दीखाली, लिहून आलं की लोक पेढे वाटतात. यंत्राला किलोला ५० मिलिग्रॅमच्या खालचं दिसतच नसेल तर त्या बीडीएलला काय अर्थ? किलोला ५ मिलिग्रॅमपर्यंत मोजता यायला हवं.
- प्रमाणित संदर्भ नमुना, म्हणजे ज्यातलं शिसं आधीच माहीत आहे असा नमुना, सोबत चालवता का आणि त्याचा निकाल अहवालात देता का? या प्रश्नावर जे गोंधळतात त्यांच्याकडे मी पुन्हा गेलो नाही.

१०. अहवाल वाचणं

आधी एकक बघा. गाळाचा आकडा किलोमागे मिलिग्रॅममध्ये असतो आणि पीपीएम म्हणजे तेच. पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. ती गाळाला लावली तर गोव्यातलं कुठलंच अंगण पास होणार नाही, कारण निसर्गतःच पृथ्वीच्या कवचात शिसं किलोला १७ ते २० मिलिग्रॅमच्या आसपास असतं.

गाळासाठी जगभर जे आकडे वापरतात ते मार्गदर्शक आहेत, कायद्याची रेघ नव्हे. गोड्या पाण्याच्या गाळात ३५.८ च्या खाली असेल तर तळातल्या जीवांना अपाय सहसा दिसत नाही, १२८ च्या वर असेल तर दिसण्याची शक्यता मोठी. खाडीच्या आणि समुद्राच्या गाळासाठी तेच दोन आकडे ४६.७ आणि २१८ असे धरतात. भरतीच्या हद्दीतल्या जागेला दुसरी जोडी लावा, वरच्या जागेला पहिली. हे आकडे तळातल्या शिंपल्यांसाठी आणि किड्यांसाठी आहेत, माणसांसाठी नव्हेत, हे विसरू नका.

मग तुमची कोरी जागा बाहेर काढा. समजा तिथे २० आले आणि भंगारअड्ड्याशी ९०. भूसंचय निर्देशांक नावाचं एक सोपं गणित आहे: ९० ला २० च्या दीडपटीने, म्हणजे ३० ने भागा. उत्तर ३. त्याचा दोनच्या पायावरचा लॉग साधारण १.६. शून्याखाली स्वच्छ, शून्य ते एक जेमतेम, एक ते दोन मध्यम प्रदूषित, अशी त्याची पट्टी वर जाते. दीड कशाला, तर मातीत निसर्गतः होणारा चढउतार सांभाळायला. गणित बाजूला ठेवलं तरी एक गोष्ट डोळ्यांना दिसते: वर २०, अड्ड्याशी ९०, खाली ६०. हा उतार कुठल्याही एकट्या आकड्यापेक्षा जास्त बोलतो. आणि वरच ८५, अड्ड्याशी ९० असं आलं तर? तर अड्डेवाल्याला उगाच बोल लावू नका. स्रोत आणखी वर आहे, किंवा सगळ्या रस्त्याचं शिसं येतंय. माझ्या व्हाळात मी ज्या गॅरेजवर बोट ठेवून बसलो होतो, तिथे नेमकं हेच झालं. त्या गॅरेजवाल्याशी वर्षभर तुटक वागलो होतो. गुपचूप जाऊन स्कूटरची सर्व्हिसिंग करून घेतली.

११. आता या कागदाचं काय करायचं

परसाचा प्रश्न असेल तर. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०२४ मध्ये घराच्या अंगणातल्या मातीसाठी सावध व्हायचा आकडा किलोला ४०० वरून २०० मिलिग्रॅमवर आणला. मी भाजीच्या वाफ्यासाठी त्याच्याही बऱ्याच खाली थांबेन. पालेभाजीला आणि कंदाला माती चिकटून पोटात जाते. भेंडी, वांगी, टोमॅटो यांच्या फळात शिसं फार कमी उतरतं. आपली माती आंबट, आणि आंबट मातीत शिसं मोकळं होतं. चुना टाकून सामू वर नेला की ते जरा बांधलं जातं. धोका सगळ्यात जास्त मातीत खेळणाऱ्या लहान मुलांना असतो. शिशाची सुरक्षित पातळी म्हणून कुठलीच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. मुलाबद्दल शंका असेल तर डॉक्टरांना रक्तातल्या शिशाची चाचणी विचारा, गाळाच्या अहवालावरून मुलाचं निदान करत बसू नका.

उपसलेला गाळ काठावर महिनोन्महिने पडून राहू देऊ नका, असा आग्रह पालिकेकडे धरा. पाण्याखाली सल्फाइडच्या रूपात बांधलेलं शिसं हवा लागली की सुटायला लागतं, आणि पहिल्या पावसात ढिगाचं पाणी पुन्हा व्हाळात जातं. गाळ टाकाऊ म्हणून धोकादायक ठरतो का, हे वेगळ्या चाचणीने ठरतं. तिला टीसीएलपी म्हणतात आणि तिच्यात झिरपलेल्या पाण्यात शिसं लिटरला ५ मिलिग्रॅम ही रेघ आहे.

तक्रार करायची असेल तर साळगावच्या गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी द्या, नकाशा, फोटो आणि अहवालासह, आणि आवक शिक्का घ्या. पण एक ध्यानात ठेवा: १९७४ च्या जल कायद्याच्या कलम २१ नुसार अधिकाऱ्यांनी रीतसर घेतलेला नमुनाच कोर्टात पुरावा म्हणून चालतो. तुमचा अहवाल पुरावा नाही, तो त्यांना नमुना घ्यायला लावण्याचं कारण आहे. तक्रारीची मागणीही तशीच लिहा: "या तीन जागांचे नमुने मंडळाने स्वतः घ्यावेत." उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराखाली अर्ज करा. फी दहा रुपये, मुदत तीस दिवस. "प्रदूषणाची माहिती द्या" असं लिहिलंत तर गठ्ठाभर पाण्याचे तक्ते हाती येतात. "या व्हाळाच्या गाळातल्या शिशाच्या गेल्या पाच वर्षांतल्या सर्व चाचण्यांच्या प्रती, चाचणी झाली नसल्यास तसं लेखी" असं लिहा. त्याहून पुढे जायचं असेल तर राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम खंडपीठ पुण्याला आहे. तिथे सहा महिन्यांची मुदत असते, वकिलाला वेळेत गाठा.

मावशींनी तो गाळ परसातून काढून चाफ्याच्या बुंध्याशी टाकला आणि तांबडी भाजी कुंड्यांत लावली. अहवाल येण्याच्या कितीतरी आधीच.

आणि उरलेला नमुना फेकू नका. मंडळाला किंवा दुसऱ्या प्रयोगशाळेला पुन्हा तपासायचा असेल तर लागतो, आणि धातूंसाठी वाळवलेला नमुना सहा महिने सहज चालतो. फक्त डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि स्वयंपाकघरापासून लांब ठेवा. वाळवून चाळलेला गाळ हुबेहूब शिकेकाईसारखा दिसतो, आणि आमच्या घरी तो न्हाणीघराच्या फळीपर्यंत पोचला होता.